सातव्या गाण्यातला श्वास

प्रेम मृत्यूनंतरही उरतं. हे शाश्वत सत्य काशिवा रुरीच्या नव्या अल्बमसाठी कंपनीच्या चौथ्या मजल्यावर एका मंगळवारी सकाळी साडेअकराला नऊ विरुद्ध आठ मतांनी मंजूर झालं. विरोधातल्या आठ जणांचं म्हणणं होतं की प्रेम म्हणजे वाट पाहणं. तेही काही वाईट नव्हतं, पण मागच्याच वर्षी एका थंड चहाच्या बाटलीच्या जाहिरातीने ते वापरून टाकलं होतं.

हिराओका शिगेयुकी त्या बैठकीला नव्हता. रेकॉर्डिंग इंजिनियरला प्रेमाबद्दल कुणी काही विचारत नाही. तो त्या वेळी तोक्योच्या मेगुरो भागातल्या तळघराच्या स्टुडिओत बसून पहिल्या गाण्यातले रुरीच्या ओठांचे चपचप आवाज एकेक करून काढत होता. वय चोपन्न, पैकी एकोणतीस वर्षं याच कामात. लोक प्रेमात पडतात ते आवाज ऐकून. त्यातली थुंकी कुणीतरी आधी पुसलेली असते.

अल्बममध्ये अकरा गाणी होती आणि अकराही प्रेमाची. रुरीने ती जूनमध्ये गायली. पण त्याआधी एप्रिलमध्ये ती सगळी दुसऱ्या एका बाईने गाऊन ठेवली होती. तशी पद्धतच आहे. नवी चाल बांधली की आधी कुणीतरी ती गाऊन दाखवावी लागते, म्हणजे मुख्य गायिकेला कळतं कुठे चढायचं, कुठे थांबायचं, कुठे गळा दाटून आल्यासारखं करायचं. याला कच्चा आवाज म्हणतात. कच्च्या आवाजाला दिवसाचे पैसे मिळतात, दुपारचा डबा मिळतो, नाव मिळत नाही. पक्का आवाज आला की कच्चा पुसून टाकायचा.

ही बाई म्हणजे नाओए माचिको. बावीस वर्षं तिने हेच काम केलं, त्यातली अठरा हिराओकासमोर, काचेच्या पलीकडे. एप्रिलमध्ये गाताना ती मधूनमधून खोकत होती. मे महिन्यात ती वारली. एक्कावन्नाव्या वर्षी.

अकरा वर्षांपूर्वी, डबा खाता खाता, लोणच्याची फोड चॉपस्टिकच्या टोकावर धरून ती म्हणाली होती, "हिरा-सान, एकदा माझं नाव छापून येईल का हो? वर नको. आत, शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात असलं तरी चालेल."

"पुढच्या वेळी बघू," हिराओका म्हणाला होता.

त्यानंतर अडतीस पुढच्या वेळा येऊन गेल्या. माचिकोने पुन्हा विचारलं नाही. नवी सीडी आली की ती फक्त आतली पुस्तिका काढायची, ती मागून उघडायची, शेवटचं पान वरपासून खालपर्यंत वाचायची आणि म्हणायची, "छपाई सुंदर आहे."

जुलैच्या सुरुवातीला हिराओकाने रिवाजाप्रमाणे तिचे अकराही ट्रॅक पुसले. पुसायला अकरा सेकंदही लागत नाहीत. त्याने त्या कामाला अख्खी दुपार घालवली.

बावीस जुलैला सातवं गाणं साफ करायला घेतलं. त्याचं नाव 'परतीचं तिकीट'. दुसऱ्या कडव्यानंतर वाद्यं थांबतात, अडीच सेकंद काहीच नसतं आणि मग रुरी वरच्या सुरात उसळते. त्या अडीच सेकंदांत कुणीतरी श्वास घेतला.

हिराओकाने मागे जाऊन पुन्हा ऐकलं. नाकाने घेतलेला श्वास. सुराच्या अर्धा ठोका आधी, आणि शेवटी जीभ टाळूला लागल्याचा बारीक टक्. रुरी तोंडाने श्वास घेते. त्या आठवड्यात त्याने तिचे चारशे श्वास कापले होते, त्यामुळे याबद्दल त्याच्याशी कुणी वाद घालू शकलं नसतं.

त्याने रुरीचा ट्रॅक बंद केला. श्वास आला. व्हायोलिनं बंद केली, पियानो बंद केला, ढोल, गिटार, सगळं एकेक करून बंद केलं. शेवटी बत्तीसच्या बत्तीस ट्रॅक मुके झाले. पडद्यावरची हिरवी रेघ तरीही ठरल्या जागी एकदा उचलली आणि खाली बसली.

दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. एवढ्या उजेडाच्या वेळेला आपल्याकडे साधारणपणे कुणी येत नाही. हिराओका वर गेला, रस्त्यावरच्या यंत्रातून कॉफीचा डबा घेतला, तो न फोडताच हातात धरून पाच मिनिटं उन्हात उभा राहिला आणि खाली येऊन पुन्हा ऐकायला बसला.

तीन दिवस त्याने हे कुणाला सांगितलं नाही. नुसतं मोजलं. पहिल्या दिवशी श्वास एक पूर्णांक एक दशांश सेकंद होता. दुसऱ्या दिवशी एक पूर्णांक तीन. तिसऱ्या दिवशी दीड.

चौथ्या दिवशी तोदोरोकी आला. तोदोरोकी हा प्रचार विभागाचा मुख्य. चव्वेचाळीस वर्षांचा, सुटाखाली धावायचे बूट घालणारा. ऐकता ऐकता त्याने हात वर केला.

"हे काय होतं?"

"माहीत नाही. कुठल्याच ट्रॅकवर नाही ते."

"कुठल्याच म्हणजे?"

हिराओकाने सगळे ट्रॅक बंद करून दाखवलं. रेघ उचलली. तोदोरोकीच्या चेहऱ्यावर, मुलगा तोक्योच्या सर्वात मोठ्या विद्यापीठात लागल्यावर बापाच्या चेहऱ्यावर यावं तसं काहीतरी आलं.

कारण या धंद्यात एक गोष्ट शेंबडं पोरसुद्धा जाणून असतं: स्टुडिओत भूत आलं की रेकॉर्ड चालते. एका निर्मात्याला म्हणे गाण्याच्या मधोमध कुणाचीतरी खोकल्याची उबळ सापडली होती. त्या उबळीवर त्याने डोंगरात घर बांधलं.

"पुसू नका हं! हात लावू नका!" तोदोरोकी उभा राहिला होता. "अहो हिराओका-सान, वीस वर्षं झाली मला इथे, एक भूत माझ्या वाट्याला आलं नाही. पलीकडच्या कंपनीला तीन वर्षांत दोन! त्यांचं काय पुण्य होतं?"

"तोदोरोकी-सान, मला वाटतं ही नाओए-सान आहे."

"कोण नाओए?"

"आपली कच्च्या आवाजाची. मे महिन्यात गेली ती."

तोदोरोकीने ताबडतोब मान खाली घातली आणि पुरेसा वेळ तशीच ठेवली. तो मनाने वाईट नव्हता. "फार वाईट झालं," तो म्हणाला. "वय काय होतं?"

"एक्कावन्न."

"मग नाही चालणार."

गुरुवारच्या बैठकीत भूत सतरा वर्षांचं ठरलं. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, आजपासून पन्नास वर्षांपूर्वीचा काळ. स्टुडिओ आज जिथे आहे तिथे ती आपल्या प्रियकराची वाट पाहत उभी राहायची आणि तो आला नाही. या वेळी, भूत इंजिनियरचं असल्यामुळे, हिराओकालाही बोलावलं होतं.

"पण त्या जागेवर टोफूचा कारखाना होता," तो म्हणाला.

"मग तो टोफू घ्यायला यायचा," तोदोरोकी म्हणाला. "काय अडचण आहे?"

"नाओए-सानचं नाव निदान पुस्तिकेत टाकू या का? शेवटच्या पानावर."

"अहो, असं बघा. लोकांना भूत हवंय. नाव-पत्ता असलेलं भूत म्हणजे नुसती वारलेली बाई झाली. तिच्यासाठी कोण रडणार?"

हिराओका रडणार होता, पण तसं बैठकीत म्हणता येत नाही. तो म्हणाला, "बरोबर आहे." हे म्हणायची त्याला एकोणतीस वर्षांची सवय होती.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शुद्धीसाठी शिंतो देवळाचे गुरुजी आले. तळघराच्या जिन्यावरून त्यांना धरून उतरवावं लागलं. त्यांनी मिक्सरसमोर मीठ, तांदूळ आणि साके ही तांदळाची दारू मांडली, कागदी झालर लावलेली काठी हातात घेतली आणि विचारलं, "घालवायचं आहे की ठेवायचं आहे?"

तोदोरोकीने आवाज खाली आणला. "गुरुजी, पूर्ण शुद्धी नको. साधारण ऑक्टोबरअखेरपर्यंत टिकेल इतपत करा."

गुरुजींनी आयुष्यात बरंच पाहिलं असावं. ते नुसते "हं" म्हणाले. "ठेवायचं असेल तर तिला नावाने हाक मारावी लागते. नाव काय?"

तोदोरोकीने हातातला कागद चाळला. "ते अजून ठरलं नाही. दोन पर्याय आहेत."

हिराओका दाराशी उभा होता. नाव त्याच्या जिभेवर होतं, अगदी दातांच्या मागे. सगळे डोकं लववून उभे होते, रुरीच्या कार्यालयातले दोघं, स्टुडिओचे मालक, कॅमेरावाला. अशा वेळी मध्येच बोलणं बरं दिसत नाही. गुरुजींनी क्षणभर वाट पाहिली, मग अनामिकेसाठीचा मंत्र म्हटला आणि काठी हलवली.

त्या दुपारी श्वास दोन सेकंद भरला. शेवटचा टक् दोनदा ऐकू आला. एखादी बाई खोलीत येऊन, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, काउंटरवर बोटाने वाजवते तसा.

आठवड्याभराने रुरी एक ओळ पुन्हा गायला आली. ही रुरी तेहतीस वर्षांची होती आणि बारा वर्षं प्रेमावर गात होती. त्यातली पहिली सात वर्षं प्रेमात पडायला तिला करारानेच बंदी होती; नंतर बंदी उठली तर वेळ मिळाला नाही. तिने हेडफोन लावला, सातवं गाणं त्या जागेपर्यंत ऐकलं, आणि हेडफोन हळूच काढून मांडीवर ठेवला.

"ही तर माचिकोताई."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे काय, हिराओका-सान? बारा वर्षं मी तिचंच उतरवून घेतेय. कुठे थांबायचं, कुठे रडायचं, मला काय ठाऊक होतं? ती रडायची तिथे मी रडायचे. फक्त हे नाकाने श्वास घेणं काही जमलं नाही मला. फुप्फुसं लागतात त्याला." ती काचेपलीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. "तिने हे सगळं आणलं कुठून असेल हो? कुणावर होतं तिचं?"

"विचारलं नाही कधी."

"अठरा वर्षांत?"

"आम्ही कामाचं बोलायचो."

रुरी त्याच्याकडे गरजेपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिली. हिराओकाने एक बटण उगाच मागे-पुढे केलं.

"मला मुलाखतींत त्या वेण्यावाल्या पोरीसाठी रडायला सांगितलंय," ती शेवटी म्हणाली. "रडेन मी. रडायचं मला येतं. पण ताईचं नाव तुम्ही छापा."

"तोदोरोकी-सान ऐकत नाहीत."

"त्यांना विचारता कशाला? नावांची यादी छापखान्यात तुमच्याकडूनच जाते ना? मग? की तुम्हालाही कुणीतरी आधी गाऊन दाखवायला हवं?"

नाव छापायचं तर घरच्यांना विचारायला हवं, असं हिराओकाने स्वतःला सांगितलं. ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, सुटीत तो भेट म्हणून मस्कमेलन घेऊन ओमे गावाला गेला. माचिकोची थोरली बहीण सुमिए तिथे नदीकाठच्या जुन्या घरात एकटी राहत होती. माचिकोचा पहिलाच ओबोन, म्हणून दाराला पांढरा कंदील टांगला होता. पहिल्या वर्षी आत्मा नवखा असतो, घर चुकू नये म्हणून.

"माझी बहीण गायची?" सुमिएने बार्लीचा गार चहा ओतता ओतता हात थांबवला. "आम्हाला तर म्हणायची, एका ऑफिसात आहे, आवाजाचं काम आहे. मला वाटलं, फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते."

"गायची. चांगलं गायची."

"मग टीव्हीवर कशी दिसली नाही?"

हिराओका चहा प्यायला.

"तिच्या खोलीत एकशेचाळीस सीडी निघाल्या," सुमिए म्हणाली. "सगळ्या वेगवेगळ्या लोकांच्या. आणि प्रत्येकीचं शेवटचं पान कोपऱ्यात दुमडलेलं. मला वाटलं, छपाईशी काही संबंध आहे की काय हिचा. तुम्ही तिचे कोण?"

"मी तिचा आवाज रेकॉर्ड करायचो."

"अगंबाई, म्हणजे हिरा-सान ते तुम्हीच? मला वाटलं कुणी म्हातारा असेल." तिने त्याला नीट न्याहाळलं आणि मत बदललं नाही. "शेवटच्या दिवशी दवाखान्यात म्हणाली, हिरा-सानला सांग, तेवढा खोकला काढून टाका. मी म्हटलं, ग्लानीत बोलतेय. सांगायचं राहूनच गेलं."

"काढला," हिराओका म्हणाला. "सगळंच काढलं."

देव्हाऱ्यात माचिकोचा फोटो होता, चालक परवान्यावरचा मोठा करून घेतलेला. उदबत्ती लावून तो गुडघ्यांवर बसला. सुमिएने लहान घंटेवर काठी उचलली. घंटा वाजायच्या अर्धा ठोका आधी, त्याच्या डाव्या कानामागे, कुणीतरी नाकाने श्वास घेतला.

त्याने वळून पाहिलं नाही. व्यवसायातली शिस्त अशी की रेकॉर्डिंग चालू असताना हलायचं नाही.

ऑगस्ट संपता संपता त्याने नावांची यादी छापखान्यात पाठवली. बासरीवाला, व्हायोलिनच्या चौघी, स्टुडिओ, जेवण पुरवणारे, रुरीचे केस करणारा, आणि सर्वांत खाली: 'कच्चा आवाज : नाओए माचिको'. अक्षर एक आकार मोठं करता येईल का असं त्याने फोनवर विचारलं. छापखान्यातली बाई म्हणाली की मग सगळ्यांचंच करावं लागेल. तो म्हणाला, राहू द्या.

फोन ठेवून त्याने सातवं गाणं लावलं. दुसरं कडवं संपलं. वाद्यं थांबली. रेघ उचलली नाही.

त्याने त्या दिवशी ते चाळीस वेळा ऐकलं. अडीच सेकंद स्वच्छ, रिकामे, उत्तम दर्जाची शांतता. आयुष्यभर ज्या शांततेसाठी त्याने लोकांचे आवाज कापले, ती हीच. ती त्याला सहन होईना. त्याने दिवा बंद करून पाहिला, खुर्ची बदलून पाहिली, शेवटी काचेपलीकडच्या खोलीत जाऊन माचिको उभी राहायची तिथे उभा राहिला आणि म्हणाला, "नाओए-सान, छापलं हं." मग थोडं थांबून, "माचिको-सान." आपलाच आवाज कानांत फार कच्चा वाटला त्याला.

दुसऱ्या दिवशी तयार गाणी सीडीच्या कारखान्यात जायची होती. एक श्वास बनवून तिथे बसवणं म्हणजे त्याच्यासाठी दोन मिनिटांचं काम. त्याने माइक लावला, स्वतःचं नाकही स्वच्छ केलं, आणि मग माइक काढून ठेवला. भुताशिवायच अल्बम कारखान्यात गेला.

ऑक्टोबर उजाडेपर्यंत शिबुयाच्या चौकात तीन मजली फलक लागला होता: 'सातव्या गाण्यात ती आहे.' दुकानांत तिथे काम करणाऱ्या मुलींनी रंगीत पेनांनी हाताने लिहिलेली कार्डं झळकत होती: 'ऐकलं! अंगावर काटा आला!' सीडी दुकानांत यायला अजून बारा दिवस होते. रुरी सहा वाहिन्यांवर वेण्यावाल्या मुलीसाठी रडली, सहाही वेळा माचिको जिथे रडली असती तिथे. कंपनीने ठरवलं की पहिला महिना गाणी इंटरनेटवर द्यायचीच नाहीत. भूत ऐकायचं तर सीडी घ्या.

हिराओका राजीनाम्याचा कागद खिशात घेऊन हिंडत होता. पहिल्याच दिवशी बोभाटा होणार: भूत कुठे आहे? आणि मग, ही दुसरी गोष्ट तो स्वतःशीही मोठ्याने बोलत नव्हता, लोक भूत शोधता शोधता पुस्तिका उलटीपालटी करतील, शेवटच्या पानापर्यंत जातील, आणि कुणीतरी विचारेल, ही नाओए माचिको कोण?

ऑक्टोबरच्या मध्यावर अल्बम आला. तक्रार एकही आली नाही. उलट तीन हजार लोकांनी लिहिलं की त्यांना श्वास ऐकू आला. सेंदाईच्या एका गृहस्थांना तो तिसऱ्या गाण्यातही ऐकू आला आणि तिथे तो अधिक दुःखी होता. पहिल्या आठवड्यात अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला.

"बघितलंत?" तोदोरोकीने फोनवर विचारलं. "भूत ते भूत! आणि तुम्ही एक्कावन्न घेऊन बसला होतात."

"कुणी पुस्तिकेबद्दल काही विचारलं का?"

"पुस्तिकेबद्दल? का, काही चुकलंय का त्यात?"

"नाही. छपाई बरी आहे का, एवढंच."

रविवारी माकुहारीच्या मोठ्या सभागृहात हस्तांदोलनाचा कार्यक्रम होता. तिथे एक सीडी घेतली की खिडकीवर एक चिठ्ठी मिळते आणि एका चिठ्ठीवर रुरीचा हात पाच सेकंद धरता येतो. अशा ठिकाणी इंजिनियर कधी जात नाहीत. हिराओका गेला. बाहेर पडायच्या दाराजवळ तो दोन वाजल्यापासून उभा राहिला. एखादा माणूस, एकच, चालता चालता पुस्तिका उघडेल, मागच्या पानावर नजर टाकेल; तेवढं बघून घरी जायचं, असं त्याने ठरवलं होतं.

लोक शिस्तीत बाहेर येत होते. रुरीचा हात धरलेला आपला हात कशाला लागू नये म्हणून काहीजण तो छातीशी घेऊन चालत होते. दाराच्या बाजूला कंपनीने पुठ्ठ्याची खोकी ओळीने मांडली होती आणि त्यांवर नम्र भाषेत लिहिलं होतं की नको असलेल्या सीडी कृपया येथे ठेवाव्यात. पन्नाशीचा एक सभ्य गृहस्थ आला, त्याने पिशवीतून तीस सीडी काढल्या, खोक्यात व्यवस्थित रचल्या आणि खोक्याला वाकून नमस्कार केला.

"माफ करा," हिराओका म्हणाला. "ऐकलीत का आपण?"

"काय?"

"ही. सातवं गाणं."

"नाही हो," तो गृहस्थ ओशाळून हसला. "सीडी वाजवायचं यंत्र आता आहे कुणाकडे?"

पाच वाजेपर्यंत चौदा खोकी भरली. त्यांत वरचं प्लास्टिक फाडलेली सीडी एकही नव्हती.